बाळंतिणीला कोण विचारतं?

'आमच्या वेळी असलं काही नव्हतं.' बाळंतपणानंतरच्या नैराश्याचा विषय निघाला की पहिलं वाक्य हेच येतं. बोलणारी बहुधा चार बाळंतपणं काढलेली, प्रेमळ, जाणती बाई असते. तिच्या मागोमाग काही डॉक्टर येतात आणि तेच जरा वेगळ्या भाषेत सांगतात. आपल्याकडे माहेरचं बाळंतपण आहे, सव्वा महिन्याची विश्रांती आहे, मालिश आहे, शेक-शेगडी आहे, डिंकाचे लाडू आणि अळिवाची खीर आहे, भोवती माणसांचा राबता आहे. तिकडच्या एकट्या पडलेल्या आईसाठी काढलेली प्रश्नावली इथल्या बायकांपुढे ठेवून धडधाकट बायकांना रोगी ठरवू नका, असं त्यांचं म्हणणं. अलीकडे त्याला आणखी एक वजनदार आधार जोडला जातो: कॅनडातल्या तज्ज्ञांच्या समितीनेच २०२२ मध्ये सरसकट प्रश्नावली भरून घेण्याच्या विरोधात शिफारस केली, मग आपण का करायचं?

हे म्हणणं मला मुळातच चुकीचं वाटतं आणि त्याची किंमत रोज बाळंतिणी मोजतात. तरी ते झटकून टाकण्याजोगं नाही. ते मांडणाऱ्या माणसांना बाळंतिणीची काळजीच असते, आणि त्यांच्या बोलण्यातल्या एक-दोन गोष्टी खऱ्याही आहेत. म्हणून एकेक मुद्दा घेऊन उत्तर द्यायला हवं.

आधी 'नव्हतं' या दाव्याकडे पाहू. विक्रम पटेल, मर्लिन रॉड्रिग्ज आणि नंदिता डिसूझा यांनी गोव्यात, एका जिल्हा रुग्णालयात येणाऱ्या २७० गरोदर बायकांना शेवटच्या तिमाहीत गाठलं. बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी त्यांच्यातल्या बहुतेकींची पुन्हा भेट घेतली, विचारपूस केली. पुन्हा भेटलेल्यांपैकी ५९ जणींना, म्हणजे २३ टक्क्यांना, नैराश्याचा आजार होता. सहा महिन्यांनी पाहिलं तेव्हा त्यांच्यातल्या निम्म्याहून अधिक जणी अजून त्यातच होत्या. हा अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी तमिळनाडूच्या ग्रामीण भागातला एक अभ्यास आला. तिथेही जवळपास दर पाचवी बाळंतीण नैराश्यात सापडली. २०१७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात भारतातल्या ३८ अभ्यासांचा, मिळून वीस हजारांवर बायकांचा, एकत्रित हिशेब छापून आला. आकडा निघाला २२ टक्के.

या बायका कुठल्या परक्या मुलखातल्या नाहीत. बाळंतिणीला तेल लावणं, गरम पाण्याने न्हाऊ घालणं, तिला वाऱ्याला बसू न देणं, माहेरी नेणं, हे सगळं गोव्यात आहे, तमिळनाडूतही आपापल्या रीतीने आहे. ते असूनही पाचातली एक बाई खचते. परंपरेने आजार टळतो असं म्हणणाऱ्याने या पाचव्या बाईचा जाब द्यायला हवा.

आणि 'आमच्या वेळी' काय होतं? बाळंतपणात वारं भरलं, बाहेरची बाधा झाली, तिच्या डोक्यावर परिणाम झाला, असं म्हणत बाई देवऋषाकडे नेली जात होती. बाई बाळाला जवळ घेत नाही, जेवत नाही, भिंतीकडे तोंड करून पडून राहते, हे आजीने पाहिलेलं असतं. फक्त तिने त्याला आळस म्हटलेलं असतं किंवा नखरे म्हटलेलं असतं. गावातल्या कुठल्यातरी विहिरीशी तान्ह्या लेकरासह उडी घेतलेल्या सुनेची गोष्ट जोडलेली असते. अशी प्रत्येक गोष्ट नैराश्याचीच असेल असं मी म्हणणार नाही. छळाने जीव दिलेल्या सुना कमी नाहीत, आणि छळ व नैराश्य या दोन वेगळ्या खोल्याही नाहीत. पण 'घरगुती कारण' एवढ्या नोंदीवर तो विषयच मिटला आणि त्या बाईला मरण्याआधी कुणी काही विचारलं होतं का, हे कुणी शोधलं नाही. नोंद नव्हती म्हणून आजार नव्हता, हा निष्कर्ष कुठल्याच आजाराच्या बाबतीत आपण स्वीकारत नाही.

आता माहेर. या वादातला सगळ्यात मोठा आधार हाच आहे, त्यामुळे इथे थोडं थांबावं लागेल.

माहेरपणाची थोरवी मला मान्य आहे. आईने रात्री उठून बाळ घेतलं आणि लेकीला तीन तास सलग झोप मिळाली, तर त्याची बरोबरी करणारं औषध नाही. पण ते कुणाच्या वाट्याला येतं? आपल्या रीतीत माहेरी होतं ते पहिलं बाळंतपण. दुसऱ्या-तिसऱ्याला बाई सासरीच असते, पदराला एक मूल धरलेलं असतं आणि आठ-दहा दिवसांत तिचे हात पाण्यात गेलेले असतात. जिची आई वारली, जिने घरच्यांच्या मनाविरुद्ध लग्न केलं, जिच्या माहेरीच दोन वेळची भ्रांत आहे, तिचं माहेर कुठलं? बीडकडून ऊसतोडीला निघालेल्या जोडप्यांचा हंगाम दिवाळीच्या सुमारास सुरू होतो आणि उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत चालतो. त्या काळात पाचटाच्या कोपीवर बाळंत होणाऱ्या बाईला सव्वा महिन्याच्या विश्रांतीचा दाखला द्यायला जीभ धजू नये. आणि माहेर लाभलं तरी ते सरतं. सव्वा महिन्याने किंवा तीन महिन्यांनी पाठवणी होते, नेमकी तेव्हाच रात्रीची जागरणं, सासरचं काम आणि एकटेपण एकदम अंगावर येतं.

आणखी एक गोष्ट बोलली जात नाही. भोवती माणसं असणं आणि आधार असणं यांत फार अंतर आहे. बाळ सगळ्यांच्या मांडीवर फिरतं आणि आई बाजेवर एकटी असते, असं घर आपण सर्वांनी पाहिलेलं आहे. दूध कमी येतं याचा ठपका तिच्यावर, बाळ रडतं याचा ठपका तिच्यावर, मुलगी झाली याचाही तिच्यावरच. तमिळनाडूच्या त्या अभ्यासात नैराश्याशी जोडलेल्या गोष्टी कोणत्या निघाल्या? घरची गरिबी, मुलगा हवा असताना मुलगी होणं, सासूशी बेबनाव, स्वतःच्या आईवडिलांशी बेबनाव, गरोदरपणात ओढवलेली संकटं आणि हाताखाली मदतीला कुणी नसणं. आईवडिलांचं नाव त्या यादीत आहे, हे माहेराचा हवाला देणाऱ्यांनी वाचावं. गोव्यातल्या अभ्यासात आर्थिक ओढग्रस्त आणि नवऱ्याशी बिघडलेले संबंध हे मोठे धोके ठरले. बाळ मुलगा आहे की मुलगी, यावर नवऱ्याची मारहाण आणि उपासमार या इतर धोक्यांचा परिणाम बदलत होता. म्हणजे जिला आधीच मार बसतो आणि पोटभर मिळत नाही, तिच्या मनाचं पुढे काय होणार हे बाळाच्या लिंगावर हेलकावे खात होतं. ज्या घराला आपण औषध म्हणतो, त्यात कित्येकदा आजाराचं मूळ असतं.

यावर सामाजिक चळवळीतले काही मित्र एक आक्षेप घेतात, आणि तो मला 'आमच्या वेळी' म्हणणाऱ्या बाईच्या आक्षेपापेक्षा अधिक गंभीर वाटतो. ते म्हणतात, कारण गरिबी आहे, मारहाण आहे, मुलीचा दुस्वास आहे. मग बाईला 'नैराश्याची रुग्ण' ठरवून गोळ्या देणं म्हणजे समाजाचा गुन्हा तिच्या डोक्यावर मारणं. गरिबी हटवा, मारहाण थांबवा, नैराश्य आपोआप जाईल.

मारहाण थांबलीच पाहिजे. पण ती थांबेपर्यंत बाळ वाट पाहत नाही. गोव्यातल्या त्याच बायकांची बाळं सहा महिन्यांची झाल्यावर मोजली गेली तेव्हा आईच्या नैराश्याचा बाळाच्या कमी वजनाशी आणि मागे पडलेल्या बौद्धिक वाढीशी संबंध दिसला. कुपोषणावर आपण पोषण आहाराची पाकिटं वाटतो, आणि ते बाळाला भरवणाऱ्या बाईला हात उचलण्याची ताकद उरली आहे का, हे विचारत नाही. शिवाय मारहाण कळते कशी? ती आपण होऊन सांगितली जात नाही. 'कसं वाटतं?' असं खाजगीत, दार लोटून, दोनदा विचारल्यावर ती बाहेर येते. न विचारता कारणांवर इलाज करायचा, हे मला उमगत नाही.

आणि उपाय म्हणजे फक्त गोळ्या, हा समजही चुकीचा आहे. पाकिस्तानात रावळपिंडीजवळच्या ग्रामीण भागात अतिफ रहमान यांच्या गटाने केलेलं काम २००८ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलं. आपल्या आशाताईंसारख्या तिथल्या 'लेडी हेल्थ वर्कर'. त्यांना थोडक्या दिवसांचं प्रशिक्षण दिलं, आणि गरोदरपणातच नैराश्यात असलेल्या बायकांच्या घरी त्या जाऊ लागल्या: शेवटच्या महिन्यात दर आठवड्याला, बाळंतपणानंतरच्या पहिल्या महिन्यात तीनदा, मग महिन्यातून एकदा. बोलायचं काय, तर स्वतःची तब्येत, बाळाशी नातं, घरातल्या माणसांशी नातं. मनात घट्ट बसलेला 'माझ्याच्याने काही होत नाही' हा विचार ओळखायचा आणि त्याच्या जागी छोटंसं, जमेल असं काम ठरवायचं. सासूलाही त्या कामात ओढायचं. बाळ सहा महिन्यांचं झालं तेव्हा या बायकांपैकी २३ टक्के नैराश्यात होत्या; ज्यांच्याकडे नेहमीच्याच भेटी झाल्या त्यांच्यात ५३ टक्के. तिथली गरिबी तीच राहिली, सासरही तेच राहिलं, गोळ्याही दिल्या गेल्या नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने पुढे हीच पद्धत 'थिंकिंग हेल्दी' या नावाने पुस्तिकेच्या रूपात जगासाठी खुली केली. जिला गोळ्यांची गरज असते तिला त्याही द्याव्यातच. अंगावर पाजणाऱ्या आईला चालतात अशी औषधं आहेत, सर्ट्रालिनसारख्या औषधाचा दुधात उतरणारा अंश फार थोडा असतो. 'औषध घेतलंस तर पाजता येणार नाही' ही धमकी ऐकून किती जणींनी उपचार सोडले असतील!

आता कॅनडाकडे येऊ. तिथल्या समितीने शिफारस केली ती कशाविरुद्ध? ठराविक प्रश्नावली प्रत्येकीकडून भरून घ्यायची आणि ठरलेल्या गुणांच्या पुढे गेली की पुढे पाठवायची, या पद्धतीविरुद्ध. कारण काय दिलं? फायदा दाखवणारा पुरावा फार तोकडा आहे, जवळजवळ हाँगकाँगमधल्या एका प्रयोगावर तो उभा आहे. आणि त्यांनी गृहीत काय धरलं? गरोदर व बाळंत बाईला तपासणारे डॉक्टर आणि परिचारिका नेहमीच्या सेवेचा भाग म्हणून तिच्या मनाची विचारपूस करतातच. ब्रिटननेही देशव्यापी प्रश्नावली-तपासणी स्वीकारलेली नाही, पण तिथल्या मार्गदर्शक सूचना सांगतात की गरोदरपणातल्या पहिल्या भेटीत आणि बाळंतपणानंतर दोन प्रश्न विचारा: महिनाभर मन उदास, हताश असतं का, आणि कशातच रस, आनंद वाटत नाही असं होतं का. अमेरिकेतल्या समितीने २०१६ मध्ये गरोदर आणि बाळंत बायकांच्या तपासणीची स्पष्ट शिफारस केली. म्हणजे या देशांचं भांडण कागदावर गुण मोजावेत की बोलण्यातून ओळखावं, यावर आहे. विचारूच नका, असं त्यांच्यातलं कुणी म्हणत नाही.

आपल्याकडे ते गृहीतच लागू होत नाही. आपल्या बाह्यरुग्ण विभागात रक्तदाब मोजला जातो, हिमोग्लोबिन पाहिलं जातं, लोहाच्या गोळ्या दिल्या जातात, धनुर्वाताचं इंजेक्शन टोचलं जातं, आणि 'मन कसं आहे?' हा प्रश्न कुणाच्याच कामात बसत नाही. खाजगी दवाखान्यात दीड महिन्याने टाके पाहायला बोलावतात. बाळाचे डॉक्टर आईला सगळ्यात जास्त वेळा भेटतात आणि बहुतेक वेळा फक्त बाळाकडे पाहतात. जिथे विचारण्याची सवय आहे तिथल्या समितीने कागद नको म्हटलं. तो निकाल जिथे सवयच नाही तिथे उचलून आणणं हा अभ्यासाचा गैरवापर आहे.

प्रश्नावलीबद्दलही गैरसमज फार आहेत. सर्वाधिक वापरली जाणारी प्रश्नावली एडिनबर्गची आहे. जॉन कॉक्स, जेनी होल्डन आणि रूथ सॅगोव्स्की यांनी ती १९८७ मध्ये प्रसिद्ध केली. दहा प्रश्न, मागच्या सात दिवसांबद्दल, एकूण गुण तीस. ती मुद्दाम बाळंतिणीसाठी वेगळी केली गेली, कारण थकवा, भूक मंदावणं, अंग दुखणं या गोष्टी नुकत्याच बाळंत झालेल्या बाईत असतातच. त्या विचारल्या तर सगळ्याच आजारी दिसतील. म्हणून शरीराच्या तक्रारी बाजूला ठेवून हसू येतं का, उगाच स्वतःला दोष देते का, उगाच भीती वाटते का, अशा गोष्टींवर ती उभी आहे. शेवटचा प्रश्न जिवाचं बरंवाईट करून घेण्याच्या विचारांचा. ही प्रश्नावली कोंकणीसह अनेक भारतीय भाषांत वापरली गेली आहे. 'धडधाकट बायकांना रोगी ठरवते' हा आरोप तिच्यावर होतो, तो आकड्यांनीच तपासू. २०२० मध्ये 'बीएमजे'त आलेल्या मोठ्या एकत्रित विश्लेषणात ११ गुणांची सीमा धरली तर आजारी बायकांपैकी ८१ टक्के सापडतात आणि निरोगी बायकांपैकी ८८ टक्के निरोगीच ठरतात, असं दिसलं. शंभर बाळंतिणींत वीस जणी नैराश्यात आहेत असं धरा. सोळा सापडतील, चार सुटतील. उरलेल्या ऐंशीतल्या सुमारे दहा जणी नैराश्य नसताना चाळणीवर अडकतील. त्या दहा जणींचं काय होतं? त्यांच्याशी कुणीतरी अर्धा तास बसून बोलतं आणि आजार नाही असं ठरतं. गुण म्हणजे निदान नव्हे, हे या प्रश्नावलीचे कर्ते पहिल्यापासून सांगत आले. अर्ध्या तासाच्या बोलण्याने बाळंतिणीचं नुकसान होतं असं मला कुणी पटवून द्यावं. चार सुटलेल्यांची काळजी मात्र खरी आहे, आणि त्यासाठी एकदा विचारून थांबता येत नाही.

केव्हा विचारायचं हाही प्रश्न आहे, आणि यात चाळणीचे समर्थकही चुकतात. सगळं लक्ष 'बाळंतपणानंतर'वर जातं. गोव्यातल्या ज्या ५९ जणी नंतर आजारी निघाल्या, त्यांच्यातल्या ७८ टक्क्यांना गरोदरपणातच मोठा मानसिक त्रास होता. धोका आधीच समोर बसलेला होता, हातात माता-बाल कार्ड घेऊन, रांगेत. पूर्वी कधी नैराश्य आलेलं असणं आणि गरोदरपणात ते असणं हे पुढच्या नैराश्याचे सर्वांत भक्कम इशारे आहेत. आधीचं मूल दगावणं, अपुऱ्या दिवसांचं बाळ काचेच्या पेटीत असणं, नवऱ्याचा मार, हे त्यांच्या जोडीला. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी केंद्रांत गरोदर बायकांची खास तपासणी होते. ती २०१६ पासून चालू आहे. मनाचे दोन प्रश्न विचारायला यापेक्षा तयार जागा कुठे मिळणार? त्यानंतर दीड महिन्याचं, अडीच महिन्यांचं, साडेतीन महिन्यांचं इंजेक्शन. बाळाच्या लसीला आई येतेच. पहिल्या दोन आठवड्यांतलं हळवेपण, उगाच येणारं रडू बहुतेकींचं आपोआप ओसरतं. दीड महिन्याच्या लसीपर्यंत जे टिकतं ते साधं हळवेपण नसतं.

'पण विचारणार कोण? मानसोपचारतज्ज्ञ आहेत कुठे?' हा आक्षेप घेणाऱ्यांना महाराष्ट्राचा इतिहास आठवावा लागेल. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च'ने ३९ गावांत, गावातल्याच बायकांना घरोघरी नवजात बाळांची काळजी घ्यायला शिकवलं. जंतुसंसर्ग झालेल्या बाळाला जेंटामायसिनचं इंजेक्शन देण्यापर्यंत. कमी शिकलेल्या बाईच्या हातात सुई कशी द्यायची, ही शंका तेव्हाही होतीच. १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये निकाल आला: नवजात मृत्यूदर ६२ टक्क्यांनी घटला. त्याच कामातून पुढे देशभर घरी जाऊन नवजात बाळ तपासण्याची योजना आली. आज दवाखान्यात बाळंत झालेल्या बाईच्या घरी आशाताई सहा वेळा जातात, तिसऱ्या दिवसापासून बेचाळिसाव्या दिवसापर्यंत. बाळाचं वजन, अंगाचा ताप, श्वास, नाळ पाहतात. आईने दिवसात किती वेळा पोटभर खाल्लं, अंगावरून किती जातं, हेही विचारतात. सहा वेळा उंबरठा ओलांडलेल्या या बाईला आणखी दोन प्रश्न विचारता येणार नाहीत? शेतकरी आत्महत्यांच्या जिल्ह्यांत राज्य सरकारने 'प्रेरणा प्रकल्प' आणला, तेव्हा शेतकरी कुटुंबांत नैराश्याची विचारपूस करण्याचं काम आशाताईंवरच सोपवलं होतं. शेतकऱ्याच्या घरी जे जमतं ते बाळंतिणीच्या खोलीत का जमू नये? केरळने 'अम्मा मनसु' या नावाने गरोदर आणि बाळंत बायकांच्या मनाची तपासणी सरकारी आरोग्यसेवेत आणलीच आहे.

पण इथे सरकारलाही सुनावलं पाहिजे. या सहा भेटींचे मिळून आशाताईला २५० रुपये मिळतात. रास्त मोबदल्यासाठी त्यांना पुन्हा पुन्हा रस्त्यावर उतरावं लागलं आहे. त्यांच्या खांद्यावर आणखी एक फुकटचा रकाना टाकला तर तो घरी बसून भरला जाईल, आणि दोष त्यांचा नसेल. या कामाचा वेगळा मोबदला हवा, प्रशिक्षण हवं आणि प्रश्न विचारल्यावर पाठवायचं कुठे याचं ठाम उत्तर हवं. उपचाराची सोय नसताना आजार शोधत सुटणं हा क्रूरपणा ठरेल, हा विरोधकांचा मुद्दा मी शंभर टक्के मान्य करते. म्हणूनच तपासणी आणि गृहभेटीतली समुपदेशनाची साखळी एकत्रच सुरू व्हायला हवी. एकाची वाट पाहत दुसरं अडवून ठेवण्यात अर्थ नाही.

दुसरा मान्य करण्यासारखा मुद्दा बदनामीचा. हिंदू विवाह कायद्यात मानसिक आजार हे घटस्फोटाचं एक कारण आहे. बाईच्या कार्डावर कुणी 'नैराश्य' असं ठळक लिहिलं आणि ते सासऱ्याने वाचलं, तर तिचं पुढे काय होईल हे तिला आपल्यापेक्षा चांगलं कळतं. म्हणून ती खोटं उत्तर देते. यावर उपाय प्रश्न गिळून टाकण्याचा नाही. प्रश्न एकटीला विचारावा, सासू स्वयंपाकघरात असताना, नवरा बाहेर असताना. नोंद सगळ्यांच्या नजरेत येणाऱ्या कार्डावर न ठेवता आरोग्य केंद्राच्या वहीत ठेवावी. आणि तिच्या संमतीशिवाय घरच्यांना काही सांगू नये. अपवाद एकच, जीव धोक्यात असेल तेव्हाचा.

तसा धोका नैराश्यातही असतो आणि बाळंतपणानंतर हजारात एक-दोघींना होणाऱ्या तीव्र मनोविकारातही. बाळंतपणानंतरच्या पहिल्या काही दिवसांत किंवा आठवड्यांत झोपच उडते, बाई भलतंसलतं बोलू लागते, नसलेले आवाज ऐकते, बाळाबद्दल विचित्र समजुती धरते. ही तातडीची वेळ आहे, त्याच दिवशी दवाखान्यात नेण्याची; देवऋषाकडे घालवलेला प्रत्येक दिवस आई आणि बाळ दोघांच्या जिवावर बेततो. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेत २००९ पासून आई-बाळाला एकत्र दाखल करून घेणारा कक्ष आहे. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा सांगतो की दाखल झालेल्या आईपासून तीन वर्षांखालचं मूल एरवी तोडू नये. महाराष्ट्रातल्या किती मनोरुग्णालयांत असा कक्ष आहे, हा प्रश्न आपल्या आमदारांना विचारला गेला पाहिजे.

मृत्यूंच्या हिशेबातही दुरुस्ती हवी. बाळंतपणानंतर बेचाळीस दिवसांत झालेला मृत्यू तेवढा मातामृत्यू गणला जातो. ब्रिटनमध्ये मातामृत्यूंची खोलात जाऊन चौकशी होते. तिथे दीड महिना ते एक वर्ष या काळात बाळंतपणाशी थेट जोडलेल्या मृत्यूंत आत्महत्या आघाडीवर आहे. आशाताईंच्या त्या सहा भेटी आणि आपला हिशेब दोन्ही बेचाळिसाव्या दिवशी थांबतात. तिसऱ्या महिन्यात विहिरीकडे गेलेली बाई आपल्याकडे बाळंतपणाने मेलेली ठरत नाही.

तेव्हा मागणी सरळ आहे. दर ९ तारखेच्या तपासणीत, आशाताईंच्या सहा भेटींत आणि लसीच्या तिन्ही फेऱ्यांत मनाचे दोन प्रश्न. 'हो' उत्तर आलं तर सविस्तर प्रश्नावली. मग घरी येऊन बोलणारी प्रशिक्षित बाई, आणि तिच्या पाठीशी जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचा डॉक्टर. आशाताईंना त्याचा रोख मोबदला. आरोग्यमंत्र्यांना यासाठी नवा विभाग उघडावा लागत नाही.

ज्यांच्या घरात आत्ता बाळंतीण आहे त्यांनी मात्र सरकारची वाट पाहू नये. आज बाळाला घटकाभर दुसऱ्या खोलीत न्या, दार लोटा आणि तिला विचारा, रडू येतं का, कशात मन लागतं का, मरून जावंसं वाटतं का. शेवटचा प्रश्न विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. तो आधीपासून असेल तर बाहेर येतो. उत्तर ऐकून घाबरू नका, तिला एकटी सोडू नका, आणि 'टेलिमानस' या सरकारी मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करा. तो विनाशुल्क आहे, चोवीस तास चालू असतो आणि तिथे मराठीत बोलता येतं.